कातिबाच्या घरातला चित्रकार

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. सातवीच्या वर्गाला 'माझे घर' हा निबंध दिला की मुले पाठ केलेली दहा वाक्ये लिहून मोकळी होतात. म्हणून यंदा मी म्हटले, आधी घराचे चित्र काढा आणि मग त्या चित्रात जे दिसते तेवढेच लिहा. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. बहुतेक वह्यांत एकच चित्र होते : दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, झोपडीसमोरून वाहणारी नदी आणि बाजूला नारळाचे झाड.

मी वर्गाला विचारले, "रावेरमध्ये नारळाची बाग कोणी पाहिली आहे?" मुले हसली. आमच्याकडे नजर जाईल तिथवर केळी. सातपुडा उत्तरेला आहे. त्याच्या दोन शिखरांमधून सूर्य उगवताना आम्ही कोणीच पाहिलेला नाही. आणि त्या वर्गात झोपडीत राहणारे एकही मूल नव्हते.

एका मुलीची वही मात्र वेगळी निघाली. तिने दादाजींचे धाब्याचे घर काढले होते. मातीचे सपाट छत, छतावर वाळत घातलेली मिरची, समोर ओटा, ओट्याच्या वर दिव्याचा कोनाडा आणि मागे केळीची रांग. घर जरा वाकडे होते, पण ते तिचेच होते. मी तिला म्हटले, हे चित्र मोठ्या कागदावर काढ, आपण वर्गात लावू. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज नम्र होता. "सर, आप पढ़ाते हो, आपका एहतराम है. लेकिन तस्वीर बनाना अपने में ठीक नहीं. बच्ची को मना कर दो तो अच्छा."

मी म्हटले, "भाई, मला एक आठवडा द्या." त्या आठवड्यात जे वाचले आणि आठवले, ते आज इथे लिहितो आहे. विषय साधा आहे : निसर्गात उभ्या असलेल्या इमारतींची चित्रे. डोंगरातला किल्ला, तळ्याकाठचे देऊळ, नदीवरचा घाट, मशिदीचा मिनार. अशी चित्रे आपल्या मुलुखात कोणी काढली, कशासाठी काढली, आणि त्यात आपले कोणी होते का?

आधी मनाईचा प्रश्न

तसवीर म्हटली की आपल्या घरांत जो संकोच होतो, त्याची चेष्टा करणे मला पटत नाही. तो संकोच जुना आहे आणि त्यामागे हदीस आहेत. पण त्याच हदीसच्या किताबांत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका चित्रकाराचा प्रसंगही आहे. त्याची रोजीरोटीच चित्रांवर होती. त्याला त्यांनी जो मार्ग सांगितला त्याचा आशय असा की, काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ. घर, घाट, झाड, डोंगर यांना या जुन्या चर्चेत पहिल्यापासून जागा होती.

ही जागा फक्त किताबात राहिली नाही. दमिश्कची उमय्या मशीद खलिफा वलीद यांच्या काळात, आठव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली गेली. तिच्या अंगणाभोवतीच्या भिंतींवर काचेच्या बारीक तुकड्यांचे मोठे जडावचित्र आहे. त्यात नदी वाहते, काठाने उंच झाडे आहेत आणि झाडांमधून महाल, घरे, सज्जे, पूल दिसतात. एवढ्या मोठ्या चित्रात माणूस नाही की पक्षी नाही. कोणी त्यात जन्नत पाहतात, कोणी त्यात बरदा नदीकाठचे दमिश्क शहर पाहतात. इस्लामच्या पहिल्या शतकात बांधलेल्या मशिदीवरचे हे चित्र म्हणजे आपण आज ज्याला इमारतींसह निसर्गचित्र म्हणतो तेच.

पुढे 'दलाइलुल खैरात' या दरूदच्या किताबाच्या हस्तलिखित प्रती मोरोक्कोपासून हिंदुस्थानापर्यंत तयार होत राहिल्या. त्यांतल्या कित्येक प्रतींत मक्का आणि मदिना येथील पवित्र वास्तूंची रंगीत चित्रे असत. आणि लांब कशाला जायचे? रावेरच्या कोणत्याही मुस्लिम घरात जा. दिवाणखान्याच्या भिंतीवर काबा शरीफ आणि गुंबद-ए-खिज्रा यांच्या तसबिरी असतात. इमारतीचे चित्र आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. आपण त्याला चित्र म्हणत नाही, एवढेच.

साहेबांचे तैलरंग

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. कॅनव्हासवर तेलाच्या रंगात असा देखावा काढण्याची पद्धत आपल्याकडे युरोपातून आली. विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार १७८० मध्ये हिंदुस्थानात आला. त्याआधी तो कॅप्टन कुकबरोबर समुद्रसफर करून आला होता. त्याने इथले किल्ले, मकबरे, मशिदी आणि घाट रंगवले. त्याच्यानंतर थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये आले आणि १७९४ पर्यंत देशभर फिरले. जागेवर बसून रेखाटने करायची आणि विलायतेला परत गेल्यावर त्यावरून तैलचित्रे व छापील चित्रे तयार करायची, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या संग्रहात १४४ चित्रे आहेत. त्या काळच्या इंग्रजाने हिंदुस्थान पाहिला तो बऱ्याच अंशी यांच्या डोळ्यांनी.

महाराष्ट्रात या कामाशी जोडलेले नाव जेम्स वेल्स याचे. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला आणि पुण्यात पेशव्यांच्या दरबारी पोचला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने काढलेले तैलचित्र आजही पुस्तकांतून दिसते. वेरूळच्या लेण्यांवर त्याने बरेच काम केले, पण १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळची चित्रे प्रसिद्ध केली. याच काळात पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली आणि तिथे गंगाराम तांबट नावाचा आपला मराठी माणूस तयार झाला. त्याने कैलास लेण्याची रेखाटने केली. आज ती अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. साहेबांच्या संग्रहात गेल्यामुळे ती टिकली आणि साहेबांच्या संग्रहात गेल्यामुळेच आपण त्याला विसरलो.

साहेबांच्या या चित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इमारत बऱ्याचदा पडझड झालेली असते, घुमटावर झाड उगवलेले असते आणि खाली एखादा माणूस मुंगीएवढा असतो. चित्र सुंदरच असते. पण पाहणाऱ्याच्या मनात नकळत एक विचार उतरतो, की इथे पूर्वी कोणीतरी थोर लोक होते आणि आता कोणी नाही. ज्या मशिदीत रोज पाच वेळा अजान होत होती तीसुद्धा अशा चित्रात ओसाड अवशेष वाटू शकते.

तेलाच्या रंगाबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण ते तेल आपल्या ओळखीचे आहे. रंगाची पूड ज्यात घोटतात ते तेल बहुधा जवसाचे असते. खानदेशात जवसाची चटणी ज्या घरात होत नाही असे घर सापडणे कठीण. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि त्याची पातळ कातडी बनते. त्यामुळे चित्रकाराला वेळ मिळतो. आज दिलेल्या रंगावर दोन दिवसांनी दुसरा थर देता येतो, चुकलेली भिंत खरवडून पुन्हा उभी करता येते. दगडी भिंतीवरचे ऊन आणि त्याच भिंतीची पाण्यातली सावली दाखवायला हा सावकाशपणा फार उपयोगी पडतो. १८४१ मध्ये रंगासाठी दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट झाले आणि तैलरंग पिशवीत घालून तळ्याकाठी नेणे सोपे झाले. त्याआधी चित्रकार रंग घरी घोटायचे आणि उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे.

भुसावळची कबर

आमच्या रावेरहून रेल्वेने भुसावळला जाताना मला एका माणसाची आठवण येते. रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याला नेमला गेला. लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रे तैलरंगात कॅनव्हासवर उतरवून विलायतेला पाठवायची, हे त्याचे काम. अंधार, वटवाघळे, ताप आणि एकटेपणा सोसत त्याने कित्येक वर्षे हे काम केले. मोठमोठे कॅनव्हास लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागले आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे लागलेल्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. आयुष्याची कमाई एका रात्रीत गेली.

गिलने त्याआधीच कॅमेरा हातात घेतला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार इथल्या वास्तूंची त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. वाघूर नदीच्या वळणावर डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी म्हणजे तरी काय, निसर्गातली इमारतच. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे आणि त्याची सोबतीण पारो हिची अजिंठा गावात. मराठी वाचकांना ही जोडी ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यामुळे आणि २०१२ च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे.

पण अजिंठ्याच्या नकलांची गोष्ट गिलपाशी संपत नाही. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस जसे होते, तसे हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हेही होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. बुद्धाच्या चित्रांची राखण करण्यात एका मुस्लिम चित्रकाराने आयुष्य घातले, आणि ते आमच्या शेजारच्या डोंगरात घडले. हे मी मुलांना सांगितले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

आबालाल

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. आबालाल रहिमान. मूळ नाव अब्दुल अझीझ. जन्म कोल्हापूरचा, १८६० च्या आसपासचा. त्यांच्या घराण्यात कुरआन शरीफच्या प्रती हाताने, नक्षीसह लिहून देण्याचे काम पिढीजात चालत आले होते. म्हणजे घर कातिबांचे.

कातिबाचे काम मी लहानपणी पाहिले आहे. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग बोरूने लिहीत. अलिफ किती उंच आणि बे किती पसरट, हे ते डोळ्याने नव्हे, नुक्त्याने मोजत. बोरूचे टोक एकदा टेकवले की जो चौकोनी ठिपका उमटतो तो नुक्ता, आणि अमुक इतक्या नुक्त्यांचा अलिफ. हे माप दहाव्या शतकात बगदादच्या इब्ने मुकलाने बसवून दिले, असे खत्ताच्या इतिहासात मानतात. ज्या घरातले मूल असे माप पाहत वाढते, त्याच्या हातात प्रमाण आपोआप येते. देवळाच्या शिखराची उंची आणि त्याखालच्या पायऱ्यांची रुंदी कागदावर तोलून मांडायला हाच हात लागतो. आबालाल यांच्या चित्रकलेची सुरुवात त्या घरातच झाली असावी, असे मला एक शिक्षक म्हणून वाटते.

कोल्हापुरातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांची कला हेरली आणि त्यांना मुंबईला पाठवण्यासाठी खटपट केली, असे सांगतात. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून सुरू झाले होते. आबालाल तिथे शिकले ते १८८० नंतरच्या दशकात, म्हणजे ग्रिफिथ्स यांच्या काळात. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. असे पदक मिळालेला माणूस मुंबईत राहिला असता तर संस्थानिकांची आणि शेठ लोकांची व्यक्तिचित्रे करून श्रीमंत झाला असता. ते कोल्हापूरला परत आले.

१८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर बसले. आबालाल त्यांचे दरबारी चित्रकार झाले. ज्या राजाने १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी शिक्षणसंस्था आणि बोर्डिंग काढले, त्याच राजाच्या आश्रयाला हा कातिबाचा मुलगा होता. आबालाल यांनी माणसेही काढली, व्यक्तिचित्रे आणि अभ्यासचित्रेही केली. मुलीच्या वडिलांना गप्प करण्यासाठी ही गोष्ट लपवावी, असे मला वाटले नाही. पण त्यांचा जीव रमला तो निसर्गचित्रांत.

ते कोटितीर्थाजवळ राहत. हे तळे तेव्हा गावाबाहेर होते. काठावर महादेवाचे देऊळ, दगडी बांध, झाडी. हेच तळे त्यांनी वारंवार रंगवले, सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. रंकाळा, त्यातला दगडी संध्यामठ, पंचगंगेचा घाट हे त्यांचे विषय. जलरंगात काम केले तसेच तैलरंगातही केले. रंगाचे छोटे छोटे फटके शेजारी शेजारी ठेवायचे आणि लांबून पाहिल्यावर त्यातून उजेड तयार व्हायचा, अशी त्यांची पद्धत. फ्रान्समधल्या चित्रकारांनीही त्याच सुमारास अशा तऱ्हेचे काम केले होते. आबालाल कधी परदेशी गेले नाहीत. त्यांनी तळ्याकडे पाहूनच ते मिळवले.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने कोल्हापूरला गेलो होतो. वलीमा दुपारी होता. सकाळी टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेलो. १८७० च्या दशकात बांधलेल्या त्या इमारतीत आबालाल यांची चित्रे आहेत. मी चित्रकलेचा जाणकार नाही. मला जाणवले ते एवढेच की, या चित्रांतल्या इमारती पडक्या वाटत नाहीत. देऊळ आहे तर तिथे कोणीतरी आत्ताच येऊन गेले आहे असे वाटते. घाट आहे तर पायऱ्या ओल्या वाटतात. साहेबांच्या चित्रात इमारत 'सापडलेली' असते. आबालाल यांच्या चित्रात ती शेजारी असते.

दुसरी गोष्ट बाहेर आल्यावर सुचली. एका मुस्लिम चित्रकाराने महादेवाचे देऊळ आणि संध्यामठ आयुष्यभर रंगवला, याचे आज आपल्याला अप्रूप वाटते. त्यांना ते वाटले असेल का? त्यांच्या खिडकीबाहेर तळे होते आणि तळ्याकाठी देऊळ होते. जे घराशेजारी होते ते त्यांनी काढले. हे अप्रूप आपल्या काळाने तयार केले आहे.

तळ्यात गेलेली चित्रे

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या धक्क्याने आबालाल यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

ही कथा ऐकली की माणसे हळहळतात आणि तिथेच थांबतात. मला मात्र ती थोडी अडचणीची वाटते. चित्रे बुडवणारा मनस्वी कलावंत ही गोष्ट रंगवून सांगायला सोपी आहे. तिच्यात आपली जबाबदारी कुठेच येत नाही. उरलेली चित्रे कुठे आहेत, त्यांची देखभाल कशी होते, मराठीच्या पाठ्यपुस्तकात हे नाव मुलांना भेटते का, हे प्रश्न त्या एका गोष्टीखाली झाकले जातात. मी बी.एड. केले तेव्हा शाहू महाराजांच्या शैक्षणिक कार्यावर पानेच्या पाने लिहिली. आबालाल हे नाव त्या अभ्यासात मला एकदाही भेटले नाही. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना गालिब कुठे जन्मले ते पाठ आहे, पण आबालाल ऐकून माहीत नाहीत. विसरण्यात दोन्ही बाजूंचा वाटा आहे.

त्यांनी जे पेरले ते मात्र उगवले. त्यांच्यामागून कोल्हापुरात चित्रकारांची एक परंपराच उभी राहिली आणि या शहराला लोक 'कलापूर' म्हणू लागले. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवत. राजवाडा, रस्ता, अरण्य, देवळाचे आवार. पडदा म्हणजे तरी काय, कापडावरचे इमारतींचे भव्य निसर्गचित्रच. पुढे याच बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला, १९२० मध्ये, आणि त्यांच्या कंपनीतून व्ही. शांताराम घडले. मराठी सिनेमाच्या पायात या पडद्यांचा रंग मुरलेला आहे.

असाच आणखी एक धागा नागपूरचा आहे. सय्यद हैदर रझा. मध्य प्रदेशातल्या जंगलखात्याच्या नोकरदाराचा हा मुलगा नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर जे. जे. मध्ये शिकला. रझा म्हटले की आज सगळ्यांना 'बिंदू' आठवतो. पण त्यांची पहिली अनेक वर्षे इमारतींच्या निसर्गचित्रांत गेली. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी भेट झाली. त्यांनी रझांना सांगितले की तुमच्या चित्रात रंग आहे, पण बांधणी कमी आहे, सेझान पाहा. चित्र इमारतीसारखे पायापासून उभे करावे लागते, हा त्या सल्ल्याचा अर्थ. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले आणि तिथल्या टेकड्यांवरची घरे, चर्च, गावे त्यांनी तैलरंगात जाड थरांनी रंगवली. १९५६ मध्ये त्यांना तिथला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. चर्च रंगवणाऱ्या या सय्यदाने शेवटी आपली कबर मात्र नर्मदाकाठच्या मंडल्यात, वडिलांच्या शेजारी मागितली. २०१६ मध्ये त्यांना तिथेच दफन केले.

इमारत का काढायची?

आठवडा संपत आला तेव्हा मी स्वतःला विचारले, की या सगळ्यातून त्या सातवीतल्या मुलीला काय सांगायचे?

आबालाल गेले १९३१ च्या शेवटी. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. आज रंकाळ्याचे छायाचित्र म्हटले की तो पॅलेस आलाच. आबालाल यांच्या रंकाळ्यात तो असू शकत नाही. म्हणजे त्यांची चित्रे हा त्या तळ्याचा एक जुना दाखलासुद्धा आहे. कोटितीर्थाच्या परिसरात १९०६ मध्ये शाहू मिल आली आणि पुढे शहराने तळ्याला वेढले. ते गावाबाहेरचे शांत पाणी आज चित्रातच पाहायला मिळते. त्यांनी हे इतिहास म्हणून काढले नव्हते. रोज जे दिसते ते नीट पाहून काढले. तेच वेळ गेल्यावर पुरावा झाले.

आमच्या खानदेशात धाब्याची घरे झपाट्याने चालली आहेत. मातीचे छत दर पावसाळ्याआधी दुरुस्त करावे लागते, आणि ते करणारे हात आता मिळत नाहीत. घरकुल मंजूर झाले की जुने घर पाडून स्लॅब टाकतात. त्यात चूक काही नाही. पावसात गळणाऱ्या घरात राहण्याची हौस कोणाला असते? पण घर पाडण्याआधी त्याचे एक नीट चित्र काढून ठेवायला काय लागते? तासनपट्टी, पेन्सिल आणि दोन दुपारी.

पाचव्या-सहाव्या दिवशी मुलीचे वडील स्वतःच शाळेत आले. केळीच्या गाडीवर माल भरून थेट आले होते, शर्टाला केळीच्या चिकाचे काळे डाग होते. मी त्यांना दमिश्कच्या मशिदीचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले. कातिबांच्या घरातल्या आबालाल यांच्याविषयी सांगितले आणि त्यांनी माणसेही काढली हेही सांगितले. वाद घातला नाही. मग वही त्यांच्या हातात दिली.

ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत होते. परवानगीबद्दल काहीच बोलले नाहीत. बोट ओट्यावर ठेवून म्हणाले, "सर, ये ग़लत है. चिराग का कोना दरवाज़े के बाएँ हाथ को था. अम्मी मग़रिब के वक़्त वहीं चिराग रखती थीं." मग जरा थांबून म्हणाले, "घर तो पिछले साल गिरा दिया. इसने याद से बनाया है. थोड़ा तो ग़लत होगा."

त्या मुलीने कोनाडा खोडून डावीकडे घेतला आहे. मोठ्या कागदावरचे चित्र आता आमच्या वर्गात लागले आहे. त्याच्या खाली तिने मराठीत सहा वाक्ये लिहिली आहेत, आणि त्यातले एकही पाठ केलेले नाही.

वाचकहो, तुमच्या गावातही असे एखादे घर, एखादी बारव, दर्ग्याची कमान, पडकी वेस असेल. येत्या रविवारी मुलांना घेऊन तिथे बसा. कोनाडा कोणत्या हाताला आहे, एवढे तरी नीट पाहून ठेवा.